भोळी, डांबीस आणि साळवे मॅडम

"कुलकर्णी, घरी जित्राबं हायत का?"

साळवे मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा होतो आणि आतून फणफणत होतो. प्राणिशास्त्राचे माझे तास कमी भरतात म्हणून प्राचार्यांनी मला या बाईंच्या मदतीला ढकललं होतं. नव्या माणसाला कुणी नाव विचारतं, कुणी शिक्षण विचारतं. या जित्राबं विचारत होत्या.

"नाही हो," मी म्हणालो. "आमच्या तीन पिढ्या जालन्यात कारकुनी करण्यात गेल्या. एक मांजर होतं, तेही शेजाऱ्यांकडे जेवायचं."

"मंग अवघड हाय तुमचं. हितं रोज चारापाणी करावं लागतं. ऐतवार न्हाई, दिवाळी न्हाई. जमंल का?"

जमेल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मॅडमची जित्राबं म्हणजे मलेरियाचे जंतू. मलेरियाच्या जुन्या गोळीला हे जंतू दाद का देत नाहीत, हा त्यांचा विषय. त्यासाठी जंतू काचेच्या बशांमध्ये जिवंत ठेवावे लागतात, आणि त्यांचं खाणं म्हणजे माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी. रोज बशीतलं जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, मधूनमधून ताजं रक्त द्यायचं. एक दिवस चुकला तरी जंतू माना टाकतात. मॅडम सकाळी आल्या की आधी बशा बाहेर काढत. चहा पुढ्यात आलेला असला तरी निवत पडायचा. "आधी जित्राबं, मंग आपण," हे त्यांचं ब्रीद. मी पहिल्याच आठवड्यात आधी चहा घेतला, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला तो घोट गिळताना ठसका लागला.

त्यांच्याकडे जंतूंच्या दोन जाती होत्या. एक जुन्या गोळीनं पटकन मरायची, दुसरी त्या गोळीला हिंग लावून विचारत नव्हती. शास्त्राच्या पुस्तकात त्यांची नावं अक्षरं आणि आकडे जोडून केलेली आहेत. मॅडमना ती मान्य नव्हती. गोळीनं मरणारी ती भोळी, न मरणारी ती डांबीस. बशांवर चिठ्ठ्यासुद्धा तशाच. "भोळीचं आज तोंड सुकलंय," असं त्या सूक्ष्मदर्शकात डोळा घालून म्हणत, आणि डांबीस जोरात वाढली की कपाळाला हात लावत. "मेली बघा कशी माजलीय! खाऊन-पिऊन वर डकार देऊन राह्यली." बोलण्यात राग असायचा, पण तिच्या बशीत पाणी सोडताना हात तितकाच हलका असायचा.

आमच्याकडची सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे मेणबत्ती. या जंतूंना आपल्यासारखी मोकळी हवा सोसत नाही, प्राणवायू कमी लागतो. मोठ्या शहरात त्यासाठी वायूच्या टाक्या असतात. आमची टाकी कधी यायची, कधी वाटेतच अडकायची. मग मॅडमनी जुनी युक्ती धरली. जाड काचेची बरणी, तिच्या झाकणाला छोटी तोटी. आत बशा मांडायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं. ज्योत आतली हवा खाते आणि मंद होत जाते. ती विझायला टेकली की तोटी बंद. मग बरणी उबेच्या कपाटात. ज्या हवेत ज्योत टिकत नाही त्या हवेत ही मंडळी सुखानं नांदतात.

जाफराबादजवळच्या गावात मॅडमचं घर. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. "घरी बुद्ध अन् बाबासायबापुढं एक मेणबत्ती लावायची आन् हितं ह्या भामट्यांपुढं एक," त्या म्हणायच्या. "माझा निम्मा पगार मेणबत्तीतच जाऊन राह्यला." ज्योत विझेपर्यंत तिथून हलायचं नाही आणि त्या वेळात बोलायचं नाही, हाही त्यांचा नियम. एरवी तोंडाची टकळी थांबत नसे. तेवढा वेळ मात्र तोटीवर हात ठेवून गप्प उभ्या राहायच्या.

या विषयाच्या नादी त्या कशा लागल्या, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं. लहानपणी गावात दरवर्षी तापाची साथ. आरोग्यखात्याचा माणूस सायकलवर यायचा, बोटाला टोचायचा, कडू गोळ्या द्यायचा, ताप जायचा. एका वर्षी त्यांच्या आत्याबाईंचा ताप काही जाईना. गोळी तीच, माणूस तोच.

"मी त्याला इचारलं, गोळी तीच हाय तर ताप का ऐकंना? तो म्हणला, पोरी, जंतू शहाणा झाला. मी म्हणलं, कुठल्या शाळेत गेल्ता? आमचे बापू गुरुजी ना! मला वाटलं, नाव कळलं तर बापू त्या शाळेच्या मास्तरला जाब इचारतील."

आत्याबाई दुसऱ्या औषधानं बऱ्या झाल्या आणि म्हातारपणापर्यंत भाचीला 'जंतूची मास्तरीण' म्हणून चिडवत राहिल्या.

त्या शाळेचा पत्ता मॅडमना पुढे सापडला. कुंभार पिंपळगावच्या बाजारात आम्ही एकदा कॉलेजतर्फे तापाच्या माहितीचं टेबल मांडलं होतं. मी बोलायला लागलो की लोक पुढे सरकायचे, म्हणजे पुढच्या दुकानाकडे. मग मॅडम उठल्या आणि फेटेवाल्या एका बाबांना म्हणाल्या, "बाबा, कपाशीवर बोंडअळी पडती का?"

"पडती म्हंजे? दरसाल!"

"फवारा मारला तर मरती?"

"पयले मरत व्हती. आता न्हाई मरत. सवकली."

"का सवकली?"

बाबा हसले. "आम्हीच सवकावली. औषध थोडं मारायचं, पानी लई घालायचं."

"बास! आमचा जंतूबी असाच सवकला. ताप उतरला की आपण उरलेल्या गोळ्या फळीवर ठिवतो. मेलेले मेले, जे वाचले ते शिकून गेले. जंतू आपल्याच शाळेत गेल्ता, बाबा."

टेबलापुढे गर्दी जमली. मी आपला पत्रकं वाटत बसलो.

प्रवासातही त्या खोटं बोलायच्या नाहीत. त्याचा फायदाच व्हायचा. एकदा दुसऱ्या शहरातून डांबीसचं वाण आणायचं होतं. परवानगीचे कागद, तीन पदरी बंद डबा, सगळं व्यवस्थित. डबा मांडीवर घेऊन मॅडम एसटीत बसल्या. गाडी गच्च भरलेली. कंडक्टर म्हणाला, "बाई, डबा खाली ठिवा की. काय हाय त्यात?"

"मलेरिया."

मॅडमच्या सांगण्याप्रमाणे पुढच्या थांब्यापर्यंत त्यांच्या बाजूची आणि मागची अशी दोन्ही बाकडी रिकामी झाली. डास चावल्याशिवाय मलेरिया होत नाही, डबा उघडला तरी काही होणार नाही, हे त्यांनी उभ्या प्रवाशांना जालना येईपर्यंत समजावून सांगितलं. "सगळ्यांना पटलं," त्या म्हणाल्या, "पण बसलं कुणी न्हाई. मी पाय पसरून आले."

आता जिलेबीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या प्रयोगशाळेत चूक सापडली की जिलेबी यायची. चूक कुणाची का असेना, ज्यानं पकडली त्याला पहिलं कडं, आणि खर्च मॅडमचा. त्यांची स्वतःचीच चूक असली तर जिलेबी दुप्पट. "प्रयोग बरोबर आला तर आपल्याला जे ठाऊक हुतं तेच कळलं. चुकला तर नवं कळलं. तोंड गोड कधी करावं मंग?" बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं या खोलीत सारखे शोध लागतात. खरं म्हणजे आम्ही सारखे चुकत होतो.

या जिलेबीला एकच माणूस हात लावत नसे. ते आमचे प्राचार्य, पडूळ सर. निवृत्तीला आलेले, पण चाल पोरांसारखी. पहाटे पळायचे, सूर्यनमस्कार घालायचे आणि मग आम्हा सगळ्यांना आरोग्यावर ऐकवायचे. "मी साखर सोडली, तत्त्व म्हणून," ते म्हणायचे. "आणि या देहाला आजवर गोळी ठाऊक नाही." मॅडम त्यांच्यापुढून जिलेबीचा पुडा हळूच बाजूला घ्यायच्या.

सर मनानं चांगले. प्रयोगशाळेची समिती येणार असं कळल्यावर त्यांचीच झोप उडाली होती. ही समिती ठरवणार होती की आमची खोली चालू ठेवायची, की सगळं सामान उचलून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचं. मॅडमनी आयुष्य त्या एका खोलीत घातलेलं. त्या वरवर म्हणायच्या, "नेऊ द्या की. जित्राबं जातील, गोठा राहील." पण बरणीची काच त्या दिवसांत फार घासून पुसायच्या. एकच काच कितीदा पुसावी माणसानं!

रक्त आम्ही कॉलेजातल्या धडधाकट माणसांकडून रीतसर घ्यायचो, त्यांच्या मर्जीनं. घेण्याआधी एक प्रश्न ठरलेला: कुठलं औषध चालू आहे का? समितीच्या आधी सर बाह्या सरसावून आले. "विज्ञानासाठी पहिलं रक्त प्राचार्याचं!" फोटो निघाले. मॅडमनी ठरलेला प्रश्न विचारला. सरांनी छाती काढून सांगितलं, "बिलकुल नाही." त्यांच्या रक्तावर आमचे जंतू जेवू लागले.

आणि भोळी मरायला लागली.

आधी एका बशीत, मग सगळ्या बशांत. सूक्ष्मदर्शकात बघावं तर निरोगी जंतूची जी सुरेख अंगठी दिसते, तिच्या जागी नुसते काळपट ठिपके. भोळी नसेल तर डांबीस किती डांबीस हे कशाशी ताडून बघणार? समितीला दाखवायला आमच्याकडे काहीच उरत नव्हतं. मला वाटलं माझे हात घाण असतील. मी हात इतके धुतले की कातडं सोललं. मॅडमनी मेणबत्ती बदलली, पाणी बदललं. भोळीनं काही डोळे उघडले नाहीत.

तिसऱ्या खेपेला मॅडम सूक्ष्मदर्शकापासून उठल्या आणि खुर्चीत मागे रेलल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "कुलकर्णी, डांबीस कशी हाय?"

"मजेत आहे. उलट जोरात."

"मंग हात घाण असते तर दोघी मेल्या असत्या ना? हवा बिघडली असती तर दोघी मेल्या असत्या. एकटी भोळीच कशानं मरती?"

"गोळीनं," मी म्हणालो.

"बराबर. आपण गोळी घातली न्हाई. मंग कुणी खाल्ली?"

आम्ही दोघांनीही एकदम रक्ताच्या पिशवीकडे बघितलं. मलेरियाच्या त्या जुन्या गोळीची एक सख्खी बहीण आहे, भोळी तिनंही मरते, आणि ती आता निराळ्याच दुखण्यांना देतात. सांधे धरले तर देतात, आणि काही डॉक्टर साखरेच्या आजारालाही देतात. अंगात गेली की आठवडेच्या आठवडे रक्तात मुक्काम ठोकते.

"जिलेबी," मॅडम पुटपुटल्या. "तत्त्व न्हाई ते. साखर हाय."

मग त्यांना जे हसू फुटलं! पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं बाई, भोळे, तुला सरांची शुगर कळली गं! सगळ्या कालेजाला कळली न्हाई, तुला कळली!" समिती दारात येऊन ठेपलेली, प्रयोग मातीत गेलेला, आणि ही बाई हसत होती. मलाही हसू आलं, काय करणार. जिलेबी दुप्पट आली. प्रश्न विचारून कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आधी त्या रक्तात भोळी थोडी वाढवून बघितली नाही, ही चूक आपलीच, असं मॅडमनी स्वतःच ठरवून टाकलं.

सरांना त्या एकट्याच जाऊन भेटल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. "न्हाई म्हणले. रागावले. म्हणले, साळवे मॅडम, ह्या देहाला गोळी ठाऊक न्हाई."

"मग समितीला आपण सांगू ना!" मी म्हणालो.

"तुम्ही तोंड उघडायचं न्हाई. मी बी न्हाई. माणसानं विश्वासानं रक्त दिलं, आन् आपण त्याचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं? खोली गेली तर गेली." मग त्या माझ्याकडे निरखून बघू लागल्या. मला ती नजर मुळीच आवडली नाही. "कुलकर्णी, तुमचा रक्तगट ओ ना? कुठली गोळी चालू?"

"नाही, पण मॅडम, मला सुईचं जरा…"

"बाही वर करा."

शीतपेटीत भोळीचं थोडं वाण गोठवून ठेवलेलं होतं. ते मॅडमनी माझ्या रक्तात जागवायला घातलं. रक्त देताना मी बेशुद्ध पडलो होतो, ही गोष्ट त्यांनी पुढे सगळ्या कॉलेजाला सांगितली. ते असो.

समिती आली ती दुपारी. प्रमुख होते कडक इस्त्रीचे गृहस्थ, कमी बोलणारे. मेणबत्तीची बरणी बघून बाकीचे दोघे गालात हसले. पडूळ सर नव्या कोटात शेजारी उभे. मॅडमनी काही लपवलं नाही. भोळी मेली, डांबीस जगली, रक्तात औषध होतं, असं सरळ सांगितलं.

"रक्त कुणाचं होतं?" प्रमुखांनी विचारलं.

"ते सांगता यायचं न्हाई, सर. देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत न्हाई."

"मग तुमच्या म्हणण्याला आधार काय? हाताळणीतली चूकही असू शकते. एवढ्या साध्या सोयींत…" त्यांनी बरणीकडे बघितलं.

मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. माझ्या जिभेवर नाव अगदी आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी दात आवळले. आता ही खोली गेली, असं मला वाटलं. त्या उबेच्या कपाटावर, त्या काळ्या पडलेल्या बरणीवर माझा इतका जीव जडलाय हे मला तोवर माहीतच नव्हतं.

तेवढ्यात पडूळ सर खाकरले.

"रक्त माझं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला साखर आहे. ती गोळी मी घेतो. घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. मॅडमनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. त्यांच्या हाताला दोष देऊ नका."

मॅडम धावत कपाटाकडे गेल्या, माझ्या रक्तातली बशी काढली, त्यातला थेंब काचेवर पसरला, रंगवला. प्रमुखांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ ते काचपट्टी इकडेतिकडे सरकवत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

"आहे," ते एकदम म्हणाले. "अहो, आहे! अंगठी आहे! ही बघा, आणखी एक!" कडक इस्त्रीचा माणूस लहान मुलासारखा हात हलवून सगळ्यांना बोलावत होता.

"जगली गं माझी बाई!" मॅडम ओरडल्या, आणि मला म्हणाल्या, "कुलकर्णी, तुमच्या रक्तात काहीच न्हाई हो! ना गोळी ना जोर. भोळीला बराबर मानवलं!"

निघताना प्रमुखांनी मॅडमना नमस्कार केला आणि सरांचा हात हातात घेतला. ते म्हणाले, "ज्या खोलीतल्या जंतूंना माणसाचं औषध ओळखता येतं आणि माणसांना माणसाची लाज राखता येते, ती खोली हलवून आम्ही दुसरीकडे काय मांडणार?" बाकी कागदोपत्री जे व्हायचं ते पुढे झालं. खोली राहिली.

त्या दिवशीच्या जिलेबीतलं पहिलं कडं मॅडमनी सरांना देऊ केलं. चूक त्यांनी पकडून दिली होती, नियम तो नियम. सरांनी त्यातला इवलासा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. "आता हे घरी कळलं तर मार खाईन," ते म्हणाले. त्या रात्रीच त्यांनी घरी सगळं सांगून टाकलं म्हणे. मारही खाल्ला असेल.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा सभागृह भरलं होतं. पडूळ सर, तोवर स्वतःही निवृत्त, मुद्दाम आले होते. माइक हातात घेऊन त्यांनी सुरुवातच केली, "माझी साखर या जगात सगळ्यात आधी मलेरियाच्या जंतूला कळली." लोक पोट धरून हसले. हार आला, शाल आली, आणि बघतात तर सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी.

मला ठाऊक होतं कुठं शोधायचं. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं. नव्या साडीचा पदर खोचून मॅडम बरणीपुढे उभ्या होत्या. आत भोळीच्या आणि डांबीसच्या बशा शेजारी शेजारी मांडलेल्या, मध्ये मेणबत्ती. ज्योतीचा उजेड चेहऱ्यावर, हात तोटीवर. सभागृहातून टाळ्या ऐकू येत होत्या.

"मॅडम, सगळे थांबलेत," मी म्हणालो.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. मी गप्प त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ज्योत लहान होत गेली, निळसर झाली. विझता विझता मॅडमनी तोटीवरचा हात काढला आणि माझा हात धरून तिथं ठेवला.

मी तोटी बंद केली.

"बराबर," त्या म्हणाल्या, आणि पदर सोडून डोळे पुसले. "चला आता. घालू द्या त्यांना हार."